सीआरआरटी चालू असताना अँटिबायोटिकचा डोस कसा ठरवायचा

सेप्टिक शॉकमधला रुग्ण, लघवी जवळजवळ बंद, सीआरआरटीचं मशीन (चोवीस तास संथपणे चालणारं डायलिसिस) नुकतंच सुरू झालंय. अँटिबायोटिक लिहायची वेळ येते तेव्हा औषधांच्या पुस्तकातला किडनीचा तक्ता उघडला जातो आणि बोट सरळ शेवटच्या ओळीवर जातं: 'क्रिएटिनिन क्लिअरन्स १० पेक्षा कमी'. तिथे लिहिलेला अर्धा किंवा पाव डोस केस पेपरवर उतरतो. सीआरआरटीवरच्या रुग्णाच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

ती ओळ ज्याची किडनी काम करत नाही आणि ज्याला मशीनही लावलेलं नाही, अशा रुग्णासाठी असते. तुमच्या रुग्णाला लावलेलं मशीन चोवीस तास रक्त गाळतं आणि एकट्याच्या बळावर मिनिटाला २५ ते ३५ मिली क्लिअरन्स (म्हणजे मिनिटाला तेवढं रक्त साफ करणं) देतं. हिमोडायलिसिसची ओळ वापरणं तितकंच चुकीचं, कारण तो डोस आठवड्यातून तीनदा चार-चार तास चालणाऱ्या डायलिसिसच्या हिशेबाने बेतलेला असतो.

दुसरा सापळा क्रिएटिनिनचा. मशीन सुरू झाल्यावर दोन दिवसांत क्रिएटिनिन ४ वरून १.३ वर येतं आणि संगणक आपणहून क्लिअरन्स ६० दाखवू लागतो. ते क्रिएटिनिन मशीनने उतरवलेलं असतं. सीआरआरटी चालू असताना क्रिएटिनिनवरून किडनीचं काम मोजणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट किंवा ईजीएफआर या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. ते बघूच नयेत.

पहिला डोस पूर्ण, कधीकधी त्याहून जास्त

पहिला डोस, म्हणजे लोडिंग, किती हे औषध शरीरात किती जागेत पसरतं यावर ठरतं. किडनी चालते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सेप्सिसच्या रुग्णाला आधीच कितीतरी लिटर सलाईन गेलेलं असतं, रक्तवाहिन्यांतून पाणी ऊतींत झिरपलेलं असतं आणि अल्ब्युमिन खाली आलेलं असतं. मेरोपेनेम, पिपरासिलिन, अमिकासिन, व्हँकोमायसिन ही पाण्यात विरघळणारी औषधं अशा वेळी नेहमीपेक्षा मोठ्या जागेत पसरतात. पहिल्याच डोसाला हात आखडता घेतला तर रक्तातली पातळी वर यायला एक-दोन दिवस जातात, आणि सेप्टिक शॉकमध्ये नेमके तेच दिवस हातचे जाऊ द्यायचे नसतात.

म्हणून मेरोपेनेम १ ग्रॅम, जंतू चिवट असल्याचा संशय असेल तर २ ग्रॅम. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम, सेफेपिम २ ग्रॅम. हे तिन्ही साधारण अर्ध्या तासात द्यायचे. व्हँकोमायसिन प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे २० ते २५ मिग्रॅ, शॉक असेल तर ३० पर्यंत. कमाल ३ ग्रॅम आणि तासाला १ ग्रॅमपेक्षा वेगाने नाही. अमिकासिन किलोमागे २५ ते ३० मिग्रॅ. कोलिस्टिन ९० लाख युनिट. फ्लुकोनाझोल ८०० मिग्रॅ. यातला एकही आकडा किडनीसाठी कमी करायचा नाही.

सीआरआरटी अजून लागायची असेल किंवा किडनी कालच बिघडली असेल, तर बीटा-लॅक्टम गटाचा (मेरोपेनेम, पिपरासिलिन, सेफेपिम वगैरे) डोस पहिले ४८ तास कमी न करणंच शहाणपणाचं. सेप्सिसमधली किडनी पुष्कळदा दोन दिवसांत सावरते, आणि या गटात थोडं जास्त गेल्याने होणारा अपाय कमी गेल्याने होणाऱ्या अपायापुढे लहान असतो. सेफेपिमला मात्र हे सरसकट लागू नाही. त्याबद्दल पुढे.

मशीनवरचे आकडे वाचा

डोस लिहिण्याआधी मशीनपाशी जाऊन पाच आकडे टिपून घ्या: रक्ताचा वेग, डायलिसेटचा (फिल्टरमध्ये पडद्याच्या पलीकडून वाहणाऱ्या द्रवाचा) वेग, फिल्टरच्या आधी मिसळणारं रिप्लेसमेंट द्रव, फिल्टरनंतर मिसळणारं रिप्लेसमेंट द्रव आणि दर तासाला रुग्णातून काढलं जाणारं निव्वळ पाणी. शेवटच्या चारांची बेरीज म्हणजे एफ्लुएंट, फिल्टरमधून बाहेर पडून पिशवीत जमणारं पाणी. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरत असाल तर ते द्रवही फिल्टरच्या आधी मिसळतं. ते 'आधीच्या' आकड्यात धरायचं. पुष्कळदा नेमकं हेच राहून जातं.

केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एफ्लुएंट किलोमागे तासाला २० ते २५ मिली प्रत्यक्षात मिळायला हवं. मशीन मध्ये बंद पडतं म्हणून लिहिताना २५ ते ३० लिहितात. २००८ चा एटीएन आणि २००९ चा रीनल या दोन मोठ्या चाचण्यांत याहून जोरात गाळूनही मृत्यू कमी झाले नाहीत. जुन्या लेखांतले काही डोस ३५ किंवा ४० मिली वेगावर काढलेले असतात, म्हणून कुठलाही डोस उचलताना तो कोणत्या एफ्लुएंटवर बसवला आहे हे आधी पाहावं.

आता मूळ हिशेब. सीआरआरटीत रक्ताचा वेग मिनिटाला दीडशे-दोनशे मिली आणि एफ्लुएंट मिनिटाला जेमतेम तीस. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लहान रेणू रक्ताइतक्याच प्रमाणात उतरतात, म्हणून अडसर एफ्लुएंटचा असतो, रक्ताच्या वेगाचा नाही. हिमोडायलिसिसमध्ये उलट असतं. सीआरआरटीत रक्ताचा वेग १५० वरून २०० केला तरी अँटिबायोटिकच्या क्लिअरन्समध्ये फारसा फरक पडत नाही. एफ्लुएंट दीडपट केला की क्लिअरन्सही जवळपास दीडपट होतो.

औषधाचा रेणू मोठा आहे म्हणून फिल्टरमध्ये अडकेल, ही भीतीही बहुतेक वेळा फुकाची. आजकालच्या पडद्यांतून १४५० डाल्टनचा व्हँकोमायसिनचा रेणूही बराच सहज पार होतो. अडतं ते प्रथिनाला चिकटलेलं औषध, कारण अल्ब्युमिन पडद्यातून जात नाही. म्हणून:

मशीनचा क्लिअरन्स = एफ्लुएंट × औषधाचा मोकळा भाग × प्री-डायल्यूशनची दुरुस्ती

मोकळा भाग म्हणजे प्रथिनाला न चिकटलेला. मेरोपेनेमचा जवळपास ९८ टक्के, अमिकासिन-जेंटामायसिनचा ९० टक्क्यांच्या वर, फ्लुकोनाझोलचा ८८-८९ टक्के, सेफेपिमचा ८० टक्के, पिपरासिलिनचा ७० ते ८०, लिनेझोलिडचा ७० च्या आसपास, व्हँकोमायसिनचा ५० ते ७०. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा ५ ते १५ टक्केच, डॅप्टोमायसिन आणि टायकोप्लॅनिनचा १० च्या आसपास. हे आकडे निरोगी माणसांचे आहेत. अल्ब्युमिन २ ग्रॅमच्या खाली गेलं की घट्ट चिकटणाऱ्या औषधांचा मोकळा भाग वाढतो आणि मशीनमधून वाहून जाणारा हिस्साही वाढतो.

प्री-डायल्यूशनची दुरुस्ती अशी: रक्ताचा वेग भागिले रक्ताचा वेग अधिक फिल्टरआधीचं द्रव, दोन्ही मिली प्रतिमिनिटात. फिल्टरआधी पाणी मिसळल्याने रक्त पातळ होऊन फिल्टरपाशी पोहोचतं, त्यामुळे तेवढंच एफ्लुएंट कमी औषध ओढतं.

एक हिशेब शेवटपर्यंत

७० किलोचा रुग्ण, लघवी शून्य, मेरोपेनेम चालू करायचंय. रक्त १५० मिली/मिनिट, डायलिसेट तासाला १००० मिली, फिल्टरआधी ५००, फिल्टरनंतर ३००, निव्वळ काढणं १००.

एफ्लुएंट १९०० मिली तासाला, म्हणजे किलोमागे २७ मिली आणि मिनिटाला ३१.७ मिली. फिल्टरआधीचं ५०० म्हणजे मिनिटाला ८.३; दुरुस्ती १५० ÷ १५८.३ = ०.९५. मशीनचा क्लिअरन्स ३१.७ × ०.९८ × ०.९५, साधारण ३० मिली/मिनिट. तेवढंच एफ्लुएंट ठेवून डायलिसेट बंद केलं आणि सगळं १८०० मिली फिल्टरआधी दिलं असतं तर दुरुस्ती ०.८३ आली असती आणि क्लिअरन्स २६ वर उतरला असता.

किडनीखेरीज इतर मार्गांनी होणारा क्लिअरन्स मेरोपेनेमसाठी ३० मिली/मिनिट धरू. एकूण ६०, म्हणजे तासाला ३.६ लिटर. औषध पसरण्याची जागा किलोमागे ०.३ लिटर, म्हणजे २१ लिटर. अर्ध-आयुष्य = ०.६९३ × २१ ÷ ३.६, सुमारे ४ तास.

स्थिर झाल्यावर पुढच्या डोसाच्या आधीची पातळी, म्हणजे ट्रफ, किती येते ते बघा. १ ग्रॅम दर ८ तासांनी: १६ मिग्रॅ/लिटर. ५०० मिग्रॅ दर ८ तासांनी: ८. ५०० मिग्रॅ दर १२ तासांनी: ३.५.

आता हे जंतूच्या एमआयसीशेजारी, म्हणजे त्याची वाढ रोखणाऱ्या किमान पातळीशेजारी, ठेवा. एमआयसी २ असेल आणि चौपट पातळी सतत हवी असेल, तर ट्रफ किमान ८ लागतो. ५०० दर १२ तासांनी, म्हणजे 'किडनीचा डोस', इथे पुरत नाही. ५०० दर ८ तासांनी काठावर आहे. १ ग्रॅम दर ८ तासांनी आरामात पुरतो. एमआयसी ८ असेल तर १ ग्रॅमचा ट्रफ एमआयसीच्या दुप्पट येतो, म्हणून तो डोस तीन तास चालवायचा किंवा सतत इन्फ्युजन लावायचं. कल्चर आलेलं नसताना एमआयसी ठाऊक नसतो, तेव्हा वाईटातला वाईट जंतू धरूनच सुरुवात करावी.

याच रुग्णाला लघवी सुरू झाली तर? क्लिअरन्स लघवीवरूनच मोजा. सहा तासांची लघवी साठवा. समजा ३०० मिली निघाली, तिच्यात क्रिएटिनिन ६० आणि रक्तात त्याच वेळी २. मग ६० × ३०० ÷ (२ × ३६०) = २५ मिली/मिनिट. मशीन आणि इतर मार्गांचे ६० आहेतच. आता एकूण ८५. दिवसाला पाचशे मिली लघवी होणारा रुग्ण आणि अजिबात न होणारा रुग्ण यांना एकच डोस लिहिणं म्हणूनच बरोबर नाही.

'इतर मार्गांचा' आकडा पुस्तकातून उचलताना एक काळजी घ्या. तो बहुधा वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णांवरून काढलेला असतो. परवा-काल किडनी बंद पडलेल्या माणसात व्हँकोमायसिन आणि इमिपेनेमचा हा क्लिअरन्स त्याहून बराच जास्त असतो आणि दिवस जातील तसा घटतो. पहिल्या दिवशी बेतलेला डोस दहाव्या दिवशी जड होतो तो यामुळे.

औषधागणिक

खालचे डोस प्रौढांसाठी, एफ्लुएंट किलोमागे तासाला २५ ते ३० मिली आणि लघवी नाममात्र असं धरून आहेत. एफ्लुएंट याहून बराच वेगळा असेल तर वरचा हिशेब पुन्हा करावा.

मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी, प्रत्येक डोस तीन तासांत. सतत इन्फ्युजन लावलं तर सिरिंज सहा ते आठ तासांनी बदला. मेरोपेनेम द्रावणात टिकत नाही, आणि खोली गरम असेल तर आणखी लवकर बिघडतं. चोवीस तासांची एकच सिरिंज भरून ठेवणं म्हणजे शेवटच्या काही तासांत औषधाऐवजी त्याचा चोथा देणं. रुग्ण व्हॅल्प्रोएटवर असेल तर मेरोपेनेम त्याची पातळी झपाट्याने पाडतं. व्हॅल्प्रोएटचा डोस वाढवून ते भरून निघत नाही, झटक्यांचं औषधच बदलावं लागतं.

पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर ८ तासांनी, चार तासांत. जंतू चिवट असेल किंवा लघवी थोडी चालू असेल तर दर ६ तासांनी. हे द्रावण खोलीच्या तापमानाला दिवसभर टिकतं, त्यामुळे सतत इन्फ्युजनला सोयीचं.

सेफेपिम लोडिंगनंतर २ ग्रॅम दर १२ तासांनी. या गटात सर्वांत जपून वापरायचं औषध हेच, कारण त्याची चांगली आणि वाईट पातळी एकमेकींना खेटून असते. ट्रफ २० मिग्रॅ/लिटरच्या वर गेला की मेंदूवर परिणाम दिसू लागतात: गोंधळ, स्नायूंचे बारीक झटके, बोलणं थांबणं, आणि बाहेरून न दिसणारं आकडीचं सत्र. व्हेंटिलेटरवरच्या गुंगीतल्या रुग्णात हे 'सेप्सिसचा मेंदू' म्हणून खपून जातं. गुंगीचं औषध थांबवूनही रुग्ण जागा होत नसेल आणि सेफेपिम चालू असेल, तर ईईजी करा.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम रोज, मेंदूज्वर असेल तर दर १२ तासांनी. मशीनसाठी बदल नाही. मेट्रोनिडाझोल, डॉक्सिसायक्लिन, टायजेसायक्लिन, क्लिंडामायसिन आणि एकायनोकँडिन गटातली बुरशीविरोधी औषधंही नेहमीच्याच डोसात.

व्हँकोमायसिन लोडिंगनंतर किलोमागे ७.५ ते १० मिग्रॅ दर १२ तासांनी, आणि पहिली लेव्हल (रक्तातली पातळी) २४ तासांच्या आत. लक्ष्य २४ तासांचा एयूसी (पातळी-वेळ आलेखाखालचं क्षेत्रफळ) ४०० ते ६००. सतत इन्फ्युजनवर ठेवलं तर स्थिर पातळी २० ते २५ मिग्रॅ/लिटर असावी. 'लेव्हल १५ च्या खाली आली की पुढचा डोस' ही हिमोडायलिसिसमधली सवय इथे आणू नका. मशीन अखंड गाळत असताना लेव्हलचा रिपोर्ट यायला उशीर झाला की पातळी केव्हाच घसरलेली असते.

अमिकासिन: लोडिंग सुरू केल्यावर एका तासाने, म्हणजे अर्ध्या तासाचं इन्फ्युजन संपल्यावर अर्ध्या तासाने, शिखर पातळी पाहा, ६० ते ८० मिग्रॅ/लिटर हवी. पुढचा डोस घड्याळावर नाही, ट्रफवर. तो ५ च्या खाली आल्याशिवाय देऊ नये, आणि त्याला बहुधा ३६ ते ४८ तास लागतात. डोस लहान करून दर २४ तासांनी देण्यात शिखरही गाठलं जात नाही आणि ट्रफही खाली येत नाही. दोन्हीकडून तोटा.

लिनेझोलिड ६०० मिग्रॅ दर १२ तासांनी. प्लेटलेट घसरल्या तर लगेच लिनेझोलिडला दोष देण्याआधी बघा की फिल्टर वारंवार गोठतोय का आणि हेपरिन चालू आहे का. तिन्ही कारणं एकाच रुग्णात एकाच आठवड्यात सापडतात.

डॅप्टोमायसिन नव्वद टक्के प्रथिनाला चिकटतं, म्हणून मशीन त्याला हात लावणार नाही असं वाटतं. मात्र निरोगी किडनीतूनही ते हळूच बाहेर पडतं, त्यामुळे चोवीस तास चालणारा फिल्टर त्या क्लिअरन्सचा बराच भाग भरून काढतो. दर ४८ तासांचा डोस दुसऱ्या दिवशी अपुरा पडतो. किलोमागे ६ मिग्रॅ रोज, आणि सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आठवड्यातून किमान एकदा.

लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिग्रॅ, मग ५०० रोज. सिप्रोफ्लॉक्सासिन ४०० मिग्रॅ दर १२ तासांनी, स्यूडोमोनास असेल तर दर ८ तासांनी.

उलट वागणारी दोन औषधं

फ्लुकोनाझोल हे सीआरआरटीचा सगळा विचार एका औषधात दाखवतं. निरोगी किडनी ते गाळते आणि पुढे नळ्यांमध्ये बरंचसं परत शोषून घेते. त्यामुळे चांगल्या किडनीतही शरीराचा एकूण क्लिअरन्स मिनिटाला २० मिलीच्या आसपासच राहतो. मशीनला नळ्या नाहीत. गेलेलं परत आणायला कोणी नाही. आपल्याच उदाहरणातलं एफ्लुएंट धरलं तर एकटं मशीन २७ मिली/मिनिट काढतं, म्हणजे दोन धडधाकट किडन्यांपेक्षा जास्त. किडनी बंद असलेल्या माणसाला किडनी चालू असलेल्यापेक्षा मोठा डोस लागतो तो इथे: लोडिंगनंतरही रोज ८०० मिग्रॅ. तक्त्यातला 'किडनी बंद म्हणून अर्धा', म्हणजे २०० मिग्रॅ, दिला तर रक्तातली कँडिडा तशीच राहते.

कोलिस्टिनचंही तेच. कोलिस्टिमिथेट आणि त्यातून तयार झालेलं कोलिस्टिन दोन्ही मशीन ओढतं आणि परत शोषण होत नाही. लोडिंग ९० लाख युनिट, बारा तासांनी देखभालीचा डोस सुरू, आणि सीआरआरटी चालू असेपर्यंत दर १२ तासांनी सुमारे ६५ लाख युनिट. मशीन थांबलं आणि किडनी अजून आलेली नसेल, तर हा डोस त्याच दिवशी खाली आणायचा. इथे युनिटांचा घोळ जिवावर बेततो. १० लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमिथेट सुमारे ८० मिग्रॅ, पण कोलिस्टिन बेस सुमारे ३३ मिग्रॅ. नुसतं 'कोलिस्टिन २२० मिग्रॅ' असं लिहिलेलं असेल तर नर्सने ते देऊ नये, डॉक्टरकडून युनिटांत लिहून घ्यावं. पॉलिमिक्सिन बी वेगळं. त्याला किडनीसाठी आणि मशीनसाठी काहीही बदल नाही: लोडिंग किलोमागे २० ते २५ हजार युनिट, मग किलोमागे १२,५०० ते १५,००० युनिट दर १२ तासांनी. दोन्ही औषधं हाताशी असतील आणि लघवीच्या मार्गातला संसर्ग नसेल, तर सीआरआरटीवर पॉलिमिक्सिन बी सोपं पडतं.

कागदावरचा डोस आणि रुग्णापर्यंत पोहोचलेला

डोस बरोबर लिहून औषध वाटेतच हरवायच्या जागा बऱ्याच आहेत.

इन्फ्युजनची नळी. साध्या सेटमध्ये १५ ते २० मिली द्रव मावतं. १०० मिलीच्या बाटलीतून तीन तास मेरोपेनेम दिलं आणि बाटली रिकामी झाली की सेट काढून टाकला, तर १५ ते २० टक्के डोस कचऱ्यात गेला. रोज तीनदा. त्याच वेगाने सलाईन सोडून नळी धुऊन काढा, किंवा सिरिंज पंप आणि बारीक एक्स्टेंशन वापरा.

कॅथेटरची टोकं. सेंट्रल लाइनचं टोक डायलिसिस कॅथेटरच्या रक्त ओढणाऱ्या छिद्राजवळ असेल, तर औषध हृदयात जाण्याऐवजी सरळ फिल्टरमध्ये ओढलं जातं. एक्स-रे बघून ठरवा. शंका असेल तर अँटिबायोटिक दुसऱ्या बाजूच्या किंवा हातातल्या लाइनमधून द्या. सर्किटच्या पोर्टमधून तर देऊच नका.

फिल्टरचा पडदा. एएन६९ प्रकारचे पडदे अमिकासिन, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन चिकटवून घेतात. पडदा भरला की चिकटणं थांबतं, पण नवा फिल्टर लावला की पुन्हा सुरू. सायटोसॉर्बसारखं शोषक जोडलं असेल तर फ्लुकोनाझोल आणि लिनेझोलिड त्यात अडकतात. शोषक नवीन लावलेलं असताना या औषधांचा डोस लगेच देऊ नये, आणि दिला गेलाच असेल तर पुन्हा द्यायचा विचार करावा.

आणि मशीन बंद असण्याचा वेळ. लिहिलेलं एफ्लुएंट तासाला १९०० मिली; पण दिवसाअखेर मशीनच्या नोंदीत एकूण ३४ लिटर दिसतात. ३४,००० ÷ १४४० = २३.६ मिली/मिनिट, ३१.७ नव्हे. फिल्टर गोठला, सीटी स्कॅनला नेलं, पिशवी बदलायला वेळ गेला, यांत सहा तास गेले. डोस या खऱ्या आकड्यावर तोलावा. सकाळच्या राउंडला अँटिबायोटिकच्या नावाशेजारी कालचं प्रत्यक्ष एफ्लुएंट लिहायची सवय लावली तर अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला म्हणून मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन थांबवायचं कारण नाही. आपल्या उदाहरणात मेरोपेनेमचं अर्ध-आयुष्य ४ वरून ८ तासांवर जातं, ट्रफ थोडा चढतो, बिघडत काही नाही. बारा तासांच्या वर मशीन लागणारच नसेल तर मध्यांतर वाढवा. व्हँकोमायसिन, अमिकासिन, कोलिस्टिन आणि सेफेपिम यांचा मात्र पुढचा डोस मशीन बंद असताना डोळे मिटून देऊ नये. लेव्हल मिळत असेल तर आधी ती, नसेल तर मध्यांतर लांबवा.

लेव्हल आणि ताप

रक्त आर्टेरियल लाइनमधून घ्या. डायलिसिस कॅथेटरच्या परतीच्या बाजूने घेतलं तर फिल्टरमधून गाळून आलेलं रक्त मिळतं आणि पातळी खोटी कमी येते. ज्या लाइनमधून औषध चालू आहे तिथून घेतलं तर खोटी जास्त. नमुन्यावर चार गोष्टी लिहा: शेवटचा डोस सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, आणि त्या आधीचे बारा तास मशीन किती वेळ चालू होतं. शेवटची गोष्ट लिहिली नाही तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही. बीटा-लॅक्टमची लेव्हल करणारी लॅब उपलब्ध असेल तर दुसऱ्या दिवशी एक आणि एफ्लुएंट बदलल्यावर एक, एवढ्यात पुष्कळ काम होतं. मेरोपेनेम आणि इतर बीटा-लॅक्टम रक्त काढल्यावरही नळीत मोडत राहतात, म्हणून नमुना बर्फात आणि लगेच.

औषध लागू पडतंय की नाही हे तापावरून ठरवू नका. रक्त शरीराबाहेरून थंड होऊन परत येतं, त्यामुळे सीआरआरटीवर ताप झाकला जातो. ३६.५ तापमान पाहून संसर्ग आटोक्यात आला असं समजू नये, आणि फिल्टर बंद पडल्यावर दोन तासांत ३८.५ दिसलं म्हणून नवा संसर्ग आला असंही नाही. नॉरअ‍ॅड्रिनलिनचा डोस, लॅक्टेट, पांढऱ्या पेशी आणि कल्चर यांकडे बघा.

मशीन बदललं की डोस बदलला

सीआरआरटी थांबवून स्लेडवर (दिवसातले काही तासच चालणारं संथ डायलिसिस) किंवा साध्या हिमोडायलिसिसवर नेताना औषधांचा कागद तसाच पुढे जातो, हे नेहमीचं. थांबवण्याची ऑर्डर लिहितानाच अँटिबायोटिकची ऑर्डर नव्याने लिहा. सहा ते आठ तासांच्या स्लेडमध्ये सीआरआरटीच्या दिवसभराइतकंच औषध बाहेर जाऊ शकतं, आणि उरलेल्या तासांत काहीच जात नाही. म्हणून वेळ साधायची: मेरोपेनेम १ ग्रॅम दर १२ तासांनी, त्यातला एक डोस स्लेड संपताच. व्हँकोमायसिन स्लेडनंतर, लेव्हल पाहून. अमिकासिन याच्या उलट: स्लेड सुरू होण्याच्या एखादा तास आधी पूर्ण डोस, म्हणजे शिखर गाठलं जातं आणि मग मशीन ट्रफ खाली आणतं.

किडनी परत येत असेल तर खूण अशी: एफ्लुएंट तेवढंच असताना क्रिएटिनिन आपणहून आणखी उतरू लागतं, आणि लघवीच्या औषधाशिवाय दिवसाला चारशे-पाचशे मिलीच्या वर लघवी होते. अशा वेळी मशीन काढल्यावर डोस कमी करायची घाई करू नका. सहा तासांची लघवी साठवा, वरच्याप्रमाणे क्लिअरन्स काढा, आणि त्याच आकड्यावर दुसऱ्या दिवसाचा डोस लिहा.